मोटारींतील अक्रोड

पुण्यांतील आमचे एक स्नेही जुन्या मोटारींचे मोठे शौकीन आहेत. कांहीं वर्षांपूर्वीं त्यांनीं १९५० च्या सुमाराची एक इंग्रजी बंद मोटार मिळविली व मोठ्या हौसेनें तिचा जीर्णोद्धार आरंभिला. यंत्र उलगडून पुन्हां जोडलें गेलें, बैठकींचें कातडें नवें शिवलें गेलें, आणि सर्वांत शेवटीं समोरच्या फळीकडे व दारांवरील पट्ट्यांकडे त्यांचें लक्ष वळलें. मूळचें अक्रोडाचें लांकूड फिकटलें होतें. वरचें रोगण पिवळें पडून बारीक चिरांनीं भरलें होतें. एका कोपऱ्याला वरचा पापुद्रा सुटून पोपड्यासारखा उभा राहिला होता. ओळखीच्या एका कसबी सुतारानें तें सारें काढून टाकलें आणि त्याच मापाचें सागवानी काम नवें घडवून दिलें. त्यावर त्यानें इतकें दाट व चकचकीत पॉलिश चढविलें कीं, “साहेब, दाढी करायला आरसा नको आतां,” असें तो अभिमानानें म्हणाला. काम खरोखरच सफाईदार होतें. मीं स्वतः त्याची तोंड भरून स्तुति केली.

पुढें एकदां त्यांच्या घरीं गेलों असतां अडगळीच्या खोलींत जुन्या लांकडांपैकीं एकच पट्टी उरलेली दिसली. बाकीचीं सर्व बंबांत गेलीं होतीं. ती पट्टी सहज उलटून पाहिली, तों पाठीवर कोणा अज्ञात कारागिराच्या हातचा, पेन्सिलीनें लिहिलेला तीन आंकडी क्रमांक! तो गाडीच्या पेटीचा क्रमांक असावा. एका गाडीच्या पट्ट्या दुसऱ्या गाडीच्या पट्ट्यांत मिसळूं नयेत म्हणून असा आंकडा टाकण्याची चाल होती. आणि पट्टीच्या ज्या कडेवर कांचेची रबरी पट्टी बसत असे, त्या बोटभर जागेंत लांकडाचा मूळ रंग जसाच्या तसा शिल्लक होता : गर्द, किंचित् तांबूस तपकिरी. तेव्हां मला प्रथम वाटलें कीं, आपण ज्याची स्तुति केली तें कदाचित् जीर्णोद्धाराचें काम नसून त्याच्या उलटच कांहीं असावें. त्या शंकेचा माग काढतां काढतां मोटारींतील लांकडाचा जो इतिहास हातीं लागला, तो येथें सांगावयाचा आहे.

समोरच्या फळीला आपण डॅशबोर्ड म्हणतों. हा शब्द मोटारीहून पुष्कळ जुना आहे. घोड्यांच्या टापांनीं उडणारा चिखल गाडीवानाच्या व आंत बसलेल्यांच्या अंगावर येऊं नये म्हणून बग्घीच्या पुढल्या बाजूस लांकडाची किंवा कातड्याची जी आडवी फळी असे, तिचें हें नांव. मोटारींतून घोडा गेला, चिखल उडविणारा उरला नाहीं, परंतु फळी राहिली. पुढें तिच्यावर वेग, तेल आणि विजेचा प्रवाह दाखविणारीं घड्याळें येऊन बसलीं. मोटारीनें घोडागाडीकडून जो वारसा घेतला त्याचें याहून बोलकें उदाहरण सांपडणें कठीण.

वारसा केवळ शब्दांचा नव्हता. आरंभींच्या मोटारी बांधणारे हात बग्घ्या बांधणाऱ्यांचेच होते. एकानें यंत्रासह चाकांवरचा सांगाडा करावा आणि गिऱ्हाइकानें तो दुसऱ्या कारागिराकडे नेऊन त्यावर आपल्या पसंतीची पेटी बांधून घ्यावी, अशी इंग्लंडांतील उंची मोटारींची रीत दुसऱ्या महायुद्धापर्यंत चालू होती. रोल्स-रॉइस कंपनी तोंवर केवळ सांगाडाच विकीत असे. वरची पेटी बार्कर, हूपर, पार्क वॉर्ड, मलिनर अशा नामांकित घराण्यांची. आपल्याकडील संस्थानिकांनीं मागविलेल्या पुष्कळ गाड्या याच पद्धतीनें तयार झालेल्या आहेत. या पेट्यांच्या आंतला सांगाडा ॲश नांवाच्या लांकडाचा असे. हें लांकूड चिवट, लवचिक आणि धक्के सोसणारें. कुऱ्हाडीच्या दांड्यासाठीं तिकडे तेंच वापरतात. त्यावर बाहेरून पत्रा ठोकीत आणि आंतून कापड व कातडें लावीत. म्हणजे मोटारींत लांकूड भरपूर होतें, पण तें हाडासारखें, झांकलेलें.

मग पोलाद आलें. १९१४ सालीं अमेरिकेंत डॉज बंधूंच्या मोटारीसाठीं फिलाडेल्फियाच्या बड कंपनीनें संपूर्ण पोलादी पेटी करून दाखविली. जनरल मोटर्सच्या १९३५ सालच्या गाड्यांचें छप्परहि एकसंध पोलादी पत्र्याचें झालें. इंग्लंडांत हा बदल सावकाश झाला, तरी १९४६ सालीं बेंटली मार्क सिक्स ही गाडी कारखान्याच्याच ठराविक पोलादी पेटीसह विक्रीस आली, आणि जुन्या पेटी बांधणाऱ्यांचे दिवस भरत आल्याचें स्पष्ट झालें. हूपरनें १९५९ सालीं हा धंदा बंद केला. लांकडाचें गाडींतील खरें काम, म्हणजे भार पेलण्याचें काम, अशा रीतीनें संपलें. परंतु नवल असें कीं, ज्या काळांत लांकूड हाड म्हणून नाहींसें होत होतें, त्याच काळांत तें दागिना म्हणून अधिकाधिक पुढें येऊं लागलें. पोलादी पेटी एकाच सांच्यांतून शेंकडों निघूं लागल्यावर श्रीमंत गिऱ्हाइकास आपली गाडी हातानें घडविलेली वाटावी कशी? त्याच्या डोळ्यांसमोर नित्य राहणाऱ्या फळीवर अक्रोड चढला, तो या गरजेपोटीं, असें मला वाटतें.

हा अक्रोड म्हणजे सबंध लांकडाची फळी नव्हे. प्लायवुडाच्या किंवा साध्या लांकडाच्या तक्त्यावर चिकटविलेला तो एक पातळ पापुद्रा, ज्याला व्हिनियर म्हणतात. जुन्या काळीं तो करवतीनें कापीत, म्हणून जाड असे. पुढें ओंडका उकळत्या पाण्यांत किंवा वाफेंत मऊ करून लांब पात्यानें त्याचे काप काढूं लागले, तेव्हां तो अर्ध्या मिलिमीटरहून किंचित् जाड इतकाच राहिला. काश्मिरांत कोरीव कामाला जें अक्रोडाचें लांकूड वापरतात तें आणि इंग्रजी मोटारींतील अक्रोड हे एकाच जातीच्या झाडाचे. वनस्पतिशास्त्रांत त्याला जुग्लान्स रेजिया म्हणतात. परंतु उंची मोटारीस सरळ रेषांचें लांकूड फारसें मानवत नसे. तिला हवी असे झाडाची गांठ. बुंध्यावर किंवा मुळाशीं कधीं कधीं मोठें आवाळूं उठतें. त्यांत शेंकडों कळ्या फुटूं पाहतात आणि न फुटतां आंतच राहतात. ती गांठ कापली म्हणजे आंत भोंवरे, डोळे, वाहत्या पाण्यावर तेल पसरावें तशा वळणांच्या रेषा दिसतात. कॅलिफोर्नियांतील बागांत इंग्रजी अक्रोडाचें कलम तेथल्या काळ्या अक्रोडाच्या खोडावर बांधण्याची पद्धत आहे, आणि बुंध्याच्या तळाशीं अशा गांठी धरतात. इंग्रजी कारखान्यांना लागणारें लांकूड तिकडूनहि येत असे. झाडाला जें दुखणें, त्याची कारागिराला मात्र किंमत.

एका गांठीचे लागोपाठचे काप एकमेकांशीं जवळजवळ सारखे असतात. त्यांतील एक उलटा करून दुसऱ्याशेजारीं ठेवला, म्हणजे वही उघडून ठेवावी तसें डावें-उजवें प्रतिबिंब तयार होतें. फळीच्या मध्यावर हा जोड येई आणि दोन्ही बाजूंस तीच नक्षी उलटसुलट उमटे. दारांवरच्या पट्ट्याहि त्याच गांठीच्या कापांतून काढीत, म्हणजे सबंध गाडी एकाच झाडाची होई. माझ्या स्नेह्यांच्या पट्टीवरील पेन्सिलीच्या आंकड्याचें महत्त्व आतां वाचकांच्या ध्यानांत येईल. तो आंकडा हरवला कीं झाडाचें कुटुंब फुटलें.

अशा लांकडाच्या दुरुस्तींत पहिली चूक घडते ती पॉलिशकागदामुळें. जुनें रोगण घांसून काढूं म्हणून सुतार बसतो आणि चार हात जास्त मारले कीं अर्ध्या मिलिमीटरचा अक्रोड संपून खालचें पांढरट प्लायवुड डोकावूं लागतें. कडांवर तर हें पाहतां पाहतां होतें. म्हणून जाणते लोक रोगण मऊ करणारें द्रावण लावून तें अलगद उचलून काढतात आणि कागद शेवटीं, नांवापुरता, तोहि बारकांतला बारीक, वापरतात. पापुद्रा सुटला असेल तर तो कशानें चिकटविला होता हें आधीं पाहावें लागतें. सरसानें चिकटविला असल्यास ओलें फडकें आणि बेताची गरम इस्त्री यांनीं जुना सरस पुन्हां जागा होतो व पापुद्रा बसतो. जनावरांच्या कातड्याहाडांपासून केलेल्या सरसाचा हा मोठा गुण. त्याचा दोषहि हाच, कारण उष्ण व दमट हवेंत तो आपण होऊनच सैल होतो. पुढें युद्धकाळांत विमानांच्या प्लायवुडासाठीं जीं कृत्रिम राळेचीं चिकटणीं प्रचारांत आलीं तीं पाण्याला व उष्णतेला दाद देत नाहींत, पण एकदां सुटलीं कीं पुन्हां जागींहि होत नाहींत. तुकडा नवीन बसवावयाचा झाल्यास गांठीचें लांकूड कारागिराला एक सवलत देतें. सरळ रेषेंत कापलेला तुकडा तात्काळ ओळखूं येतो. परंतु भोंवऱ्यांच्या वळणावळणानें वेडीवांकडी कड ठेवून बसविलेला तुकडा नक्षींत विरून जातो.

रंगाचा प्रश्न याहून नाजूक आहे. पुष्कळशीं लांकडें उन्हानें काळवंडतात, अक्रोड मात्र फिका पडतो. पन्नास उन्हाळे पाहिलेली फळी मधाच्या रंगावर येते. मूळ रंग पाहावयाचा असेल तर घड्याळांच्या कड्या काढून त्यांखालीं पाहावें. तेथें ऊन कधीं पोहोंचलेलेंच नसतें. आतां जीर्णोद्धार करणाऱ्यानें कोणता रंग खरा मानावा? कारखान्यांतून निघाल्या दिवशींचा, कीं आयुष्यभर गाडीनें मिळविलेला? मला विचाराल तर कड्यांखालील रंग ही साक्ष म्हणून जपावी आणि उरलेल्या फळीला उगाच काळें करूं नये. परंतु या मतावर जाणत्यांत एकवाक्यता नाहीं, आणि दोन्ही पक्षांची कामें मीं पाहिलेलीं चांगलीं आहेत.

वरच्या झिलईच्या बाबतींत मात्र मतभेदाला एवढी जागा नाहीं. आरंभींच्या गाड्यांतील लांकडावर बग्घ्यांच्या व घरांतील सामानाच्या धर्तीवर वार्निश किंवा लाखेचें पॉलिश असे. ही लाख आपल्याच देशांतील. छोटा नागपूरच्या जंगलांत पळस, कुसुंब, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जें कवच तयार करतात, तें खरवडून, वितळवून चपडा करीत. तोच चपडा इंग्लंडांत स्पिरिटांत विरघळून कापसाच्या बोळ्यानें लांकडावर शेंकडों वेळां फिरविला जाई. ग्रामोफोनच्या तबकड्याहि याच लाखेच्या असत. लाखेचा व्यापार एवढा मोठा होता कीं, तिच्या संशोधनासाठीं रांचीजवळ नामकूम येथें १९२४ सालीं स्वतंत्र संस्था निघाली. परंतु लाखेचें पॉलिश पाण्यानें पांढुरतें आणि उन्हांत मऊ पडतें, म्हणून मोटारीच्या कामाला तें अपुरेंच. योगायोग असा कीं त्याच १९२४ सालीं अमेरिकेंतील ओकलंड मोटारीवर ड्यू पाँट कंपनीचें ड्युको हें नवें रोगण झळकलें. कापसावर नायट्रिक ॲसिडाची क्रिया करून तें बनवीत, पिचकारीनें उडवीत, आणि दिवसांचें काम तासांत वाळे. पत्र्यासाठीं निघालेल्या या जातीच्या रोगणांनीं लांकडावरहि अधिकार मिळविला. तें पातळ असतें. त्याखालीं लांकडाची रंध्रें बारकाईनें पाहिल्यास जाणवतात. काळानें तें पिवळें पडतें व त्याला चिरा जातात. आज जुन्या गाडींत जी जाड, कांचेसारखी, तोंड दिसणारी झिलई पुष्कळदां आढळते ती पॉलिएस्टर जातीच्या रोगणाची असून तें लांकूडकामांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रुळलें. १९५० च्या गाडीवर तें चढविणें म्हणजे पेशवाईच्या पात्रानें मनगटी घड्याळ लावून रंगभूमीवर यावें तसें होय. आमच्या सुतारानें ज्या आरशाचा अभिमान बाळगला तो नेमका हाच.

येथवर वाचून कोणी म्हणेल, खरें लांकूड व जुनें रोगण वापरलें म्हणजे जीर्णोद्धार अस्सल झाला. अमेरिकेकडे वळलें कीं हा समज कोसळतो. १९३० ते १९५० या वर्षांतील फोर्ड, शेव्हरोलेट, ब्यूइक, पॅकार्ड अशा पुष्कळ गाड्यांच्या खिडक्यांभोंवतीं व डॅशबोर्डावर सुरेख अक्रोड दिसतो. बोट वाजविलें तर पत्रा वाजतो! तें लांकूड नाहींच. पोलादी पत्र्यावर आधीं एक फिका रंग देत. मग धातूच्या तक्त्यावर खऱ्या लांकडाच्या रेषा कोरलेल्या असत, त्यांत गर्द शाई भरून वरची पुसून घेत, मऊ रूळ फिरवून ती नक्षी रुळावर उचलीत आणि तोच रूळ पत्र्यावर फिरवीत. वर पारदर्शक रोगण. छापखान्याची ही कला सुतारकामाचें सोंग घेऊन मोटारींत शिरली होती. अशा गाडीचा मालक पैसा खर्चून त्या पत्र्याच्या जागीं खरा अक्रोड बसवील, तर गाडी अधिक मौल्यवान दिसेल आणि तितकीच खोटी होईल. म्हणून आज अमेरिकेंत कांहीं कारागीर तक्ते कोरून व रूळ ओतून घेऊन पत्र्यावर पुन्हां तेंच नकली लांकूड उमटवितात. नकलेची इमानेंइतबारें नक्कल करणें हें येथें अस्सल काम ठरतें. मला तरी या प्रकारांत हंसण्यासारखें कांहीं वाटत नाहीं. नाटकांतल्या राजाचा मुकुट जपून ठेवणाऱ्यानें तो सोन्याचा करावा असें कोण म्हणेल?

क्रायस्लर कंपनीच्या टाउन अँड कंट्री या गाडीची गोष्ट तर दोन्हींच्या मधली. युद्धानंतरच्या या गाड्यांच्या बाहेरील अंगाला ॲशच्या लांकडाची खरी चौकट आणि तिच्या कप्प्यांत महोगनीचा पापुद्रा असे. १९४७ च्या सुमारास महोगनी जाऊन तिच्या जागीं लांकडाची छापील नक्षी आली. चौकट खरी, भरणी खोटी! १९४६ ची गाडी आणि १९४८ ची गाडी शेजारीं उभ्या केल्या तर लांबून एकच वाटतात. दुरुस्त करणाऱ्याला मात्र एकीसाठीं सुतार हवा, दुसरीसाठीं सुतार आणि छापणारा असे दोघे.

इंग्रजी गाड्यांतहि लांकूड कोठें नव्हतें हें माहीत असणें तेवढेंच अगत्याचें. १९४८ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत ज्या जॅग्वार एक्सके १२० नें लोकांचे डोळे दिपविले, त्या उघड्या गाडीचा डॅशबोर्ड कातड्यानें मढविलेला होता. त्याच जातीची घडीच्या छपराची जी अधिक ऐषारामी गाडी १९५३ सालीं निघाली, तिच्यांत अक्रोड आला. पहिलींत अक्रोड बसविणारे हौशी लोक आहेत; जॅग्वार म्हणजे अक्रोड हें समीकरण त्यांच्या मनांत इतकें पक्कें असतें कीं, गाडीनेंच तें नाकारलें तरी ते ऐकत नाहींत.

जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीं १९६४ सालीं व्हेनिस येथें जी सनद झाली, तिच्या धर्तीवर फीवा या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें ट्युरिनच्या नांवानें ओळखली जाणारी सनद तयार करून २०१३ सालीं मान्य केली. जतन आधीं, जीर्णोद्धार मागाहून आणि लागेल तेवढाच. वाहनाच्या आयुष्यांत पडलेल्या खुणांचाहि मान ठेवावा. नवीन जें घातलें तें पुढच्यास ओळखूं यावें, अशी तिची दिशा आहे. तत्त्व म्हणून यांत वाद नाहीं. परंतु देवळाचा खांब आणि मोटारीची पट्टी यांत एक भेद राहतोच : मोटार चालवावयाची असते. दारावरच्या पट्टीवर कोपर टेकतें, पावसाचें पाणी झिरपतें, मे महिन्यांत बंद गाडींत हात लावतां येत नाहीं इतकें लांकूड तापतें. कुजलेलें लांकूड केवळ जुनें म्हणून ठेवा असें सांगणाऱ्यानें तसली गाडी एक पावसाळा वापरून पाहावी. माझें भांडण नव्या लांकडाशीं नाहीं. जें अजून टिकलें असतें तें काढलें, आणि काढलें तें जपलें नाहीं, एवढ्याशींच आहे. आणि त्यांत माझाहि वांटा आहे, कारण त्या दिवशीं मीं ‘जुनें कोठें आहे’ असें विचारलें असतें तर तें बंबापर्यंत गेलें नसतें.

हें सर्व मीं स्नेह्यांना एके संध्याकाळीं सांगितलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग आंत जाऊन ती उरलेली पट्टी घेऊन आले. जुने पेटीवाजे दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिरानें सुटलेला पापुद्रा सरस लावून बसविला, रोगणाला फक्त पुसून घेतलें, आणि ती पट्टी चालकाच्या दारावर पूर्वींच्या जागीं गेली. आतां त्या गाडींत तीन दारांना चकचकीत सागवान आणि एका दाराला फिकट, चिरा गेलेला अक्रोड आहे. बसणारा प्रत्येक जण हें काय म्हणून विचारतो, आणि तेहि न कंटाळतां पट्टीचे दोन स्क्रू सैल करून मागचा पेन्सिलीचा आंकडा दाखवितात. गेल्या उन्हाळ्यांत तो कोपरा पुन्हां किंचित् उचलला. मीं गेलों तेव्हां ते गाडीचें दार उघडें टाकून, ओलें फडकें हातांत घेऊन, इस्त्री तापण्याची वाट पाहत उभे होते.